भाऊजींचा एमआरआय

मशीन चालवणाऱ्यानं तोंड चालवायचं नाही, असा आमच्या खात्याचा नियम आहे. माणसाच्या डोक्यात काय आहे ते एमआरआयच्या पडद्यावर सगळ्यांत आधी मला दिसतं, पण बोलायचं ते मोठ्या डॉक्टरांनी. मी टेक्निशियन. मी फक्त "हलू नका" आणि "झालं, उठा" एवढंच म्हणायचं. एकदा आमच्यातल्या एकानं पेशंटच्या मुलाला जिन्यात "गाठ आहे" एवढं सांगितलं, तर त्याला मेमो मिळाला आणि वर्षभर एक्स-रेच्या खोलीत बसावं लागलं.

नियम चांगला आहे. फक्त ज्यानं केला त्याला नातेवाईक नसावेत. आमच्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे आधी ओळखीचा माणूस शोधायचा. अल्लीपूरपासून सेलूपर्यंत आमच्या गणगोतात कुणाचं डोकं दुखलं, की "वर्ध्याच्या दवाखान्यात आपला प्रफुल हाये ना" म्हणून माझा फोन वाजतो. डॉक्टर काय म्हणतो ते मागून, प्रफुल काय म्हणतो ते आधी. मला याचा वैताग येतो, आणि खोटं कशाला बोलू, छातीही थोडी फुगते. बारावीत दोनदा नापास झालेल्या माणसाला आख्खं गाव विचारतं म्हटल्यावर फुगणारच.

पुंडलिकराव माझे भाऊजी, हर्षाताईचे यजमान. सेलूला सरकी काढायच्या एका जिनिंगवर कापूस पारखायचं काम करायचे. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, मधूनच चिमूटभर कापूस ओढून काढायचे, दोन अंगठ्यांमध्ये धागा ताणून उजेडाकडे धरायचे आणि जागीच निकाल द्यायचे. हा चांगला. ह्याच्यात पाणी मारलंय. ह्याच्यात किडका पिवळा मिसळलाय. लोक त्यांच्याशी भांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्यांच्यासमोरच उभी करायचे.

आमचं नातं पक्कं टिंगलीचं. लग्नात कानपिळीच्या वेळी सोळा वर्षांच्या मी त्यांचा कान असा पिळला होता, की नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी सगळ्या सेलूत सांगितलं, "आमचे सालेसाहेब फोटो स्टुडिओत लागले, फक्त तिथं हसा म्हणत नाई." बावीस वर्षांत आम्ही एकमेकांशी एक वाक्य सरळ बोललो असू तर शपथ.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास लोक म्हणायला लागले, की पुंडलिकराव माजले. रस्त्यात बाजूनं कुणी रामराम केला तरी बघत नाहीत. मीसुद्धा म्हणालो, "काऊन भाऊजी, जिनिंग इकत घेतली का? लोकायचा रामराम घेऊन नाई राह्यले म्हणते." ते हसले. मग दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. मोटरसायकलचं हँडल उभ्या बैलगाडीला घासलं. समोरचं नीट दिसायचं, दोन्ही बाजूंचं दिसायचंच नाही, जसं घोड्याच्या डोळ्यांना झापडं बांधावीत तसं. माजलेला नव्हता माणूस, त्याची नजर आखडत चालली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना आमच्याकडे पाठवलं. आमच्या मेंदूच्या सर्जन सुनीती मॅडम. फार हुशार बाई आणि फार कमी बोलणारी. त्यांनी तपासलं, रक्त काढायला सांगितलं आणि म्हणाल्या, "डोळ्यांच्या नसेवर काहीतरी दाबतंय असा संशय आहे. पण फोटो पाहिल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. एमआरआय करा आणि गुरुवारी मला दाखवा. चुकवू नका." त्या दिवशी सोमवार होता. एमआरआयसाठी मंगळवार सकाळचा नंबर मिळाला, तोही माझ्या ओळखीनं.

मंगळवारी भाऊजी टेबलावर आडवे झाले. मी डोक्यावर जाळीची टोपी बसवली, कानात बोळे घातले, हातात रबरी फुगा दिला आणि घाबरल्यासारखं झालं तर दाबा म्हणालो.

"सालेसाहेब, भट्टीत घालून राह्यले का मले?"

"वांगं भाजायचं हाये. गप पडा."

ते आत गेले आणि अर्धा तास दगडासारखे पडून राहिले. शिस्तीचा माणूस. मी काचेच्या अलीकडे बसलो होतो. पहिलेच काप, म्हणजे मेंदूच्या एकेका थराचे फोटो, पडद्यावर आले आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

मेंदूच्या बुडाशी, दोन डोळ्यांच्या मागं, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्यूटरी म्हणतात तिला. भाऊजींच्या डोक्यात तिथं लिंबाएवढी गाठ होती. वरच्या अंगाला डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, त्यांना तिनं उचलून धरलं होतं. नसा ताणून दोऱ्याएवढ्या झाल्या होत्या. डावीकडं मेंदूला रक्त नेणारी मोठी नस असते, गाठीनं तिला अर्धी कवेत घेतली होती. मी औषधाचं इंजेक्शन दिलं आणि मॅडमना लागतात तसे बारीक काप घेतले. नाकातून कुठून शिरायचं, कुठलं हाड काढायचं, नस कुठं टाळायची, हे सगळं मॅडम ह्याच फोटोंवर ठरवतात. त्यांच्यासाठी तो नकाशा असतो.

मला हेही माहीत होतं, की ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. मॅडमना पेशंटला सांगताना मी दहा वेळा ऐकलंय: "नाकातून काढू. वेळेवर काढली तर नजर बरीचशी परत येते." एवढं जर त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं असतं तर! पण मला तेव्हा आठवला तो दोन वर्षांपूर्वीचा एक पेशंट. त्याचीही रक्ताची नस अशीच गाठीत होती आणि तो ऑपरेशनच्या टेबलावरून उठला नव्हता. इतरांचे फोटो काढताना मी चहा पितो. आपल्या माणसाचा फोटो आला आणि तो चहा तसाच गार झाला. मला रडू येत होतं आणि आत जाऊन "झालं, उठा" म्हणायचं होतं.

मी आत गेलो. टेबल बाहेर घेतलं. भाऊजी उठून बसले आणि जमिनीकडं बघत चपला चाचपडायला लागले. चपला बाजूला होत्या, त्यांना दिसेनात. मी खाली बसलो आणि त्यांच्या पायात चपला घातल्या. दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर बाकावर ताई बसली होती. तिच्या मांडीवर जेवणाचा डबा होता, माझ्यासाठीही त्यात दोन पोळ्या जास्त होत्या.

"काय दिसलं रे?" तिनं विचारलं.

 भाऊजी माझ्या तोंडाकडं बघत राहिले. समोरचं त्यांना अजून चांगलं दिसत होतं.

"काही नाई," मी म्हणालो. "मामुली हाये. घाबरू नका भाऊजी. गुरुवारी मॅडम सांगतीन सारं."

नियम मी मोडला की पाळला, ते मलाच कळलं नाही. खरं सांगितलं नाही म्हणजे पाळला, आणि खोटं सांगितलं म्हणजे दोन्हीकडून गेलो. मी त्यांना नारळपाणी पाजलं. सुट्टी घेऊन सेलूच्या बसपर्यंत सोडायला गेलो, खिडकीजवळची जागा धरून दिली, आणि बस सुटताना "सांभाळून जाजा" म्हणालो. भाऊजींनी खिडकीतून हात वर केला. मशीनमधून बाहेर आल्यापासून ते एकदाही मला सालेसाहेब म्हणाले नव्हते. तेवढंही माझ्या लक्षात आलं नाही, अशी माझी अक्कल.

गुरुवारी आमच्या खोलीत एका लहान पोराचं काम दुपारभर चाललं. मी ओपीडीत जाऊ शकलो नाही. खरं म्हणजे जाऊ शकलो असतो. मॅडम भाऊजींना गाठीचं सांगत असताना त्यांनी माझ्याकडं वळून "तू तं मामुली म्हणला होता" असं म्हणावं, हे मला नको होतं. संध्याकाळी ताईला फोन केला.

"हे एकटेच गेलते," ताई म्हणाली. "मले म्हणे तू कायले येतं, प्रफुल हाये तिथं. डॉक्टरीणबाईनं गोळ्या देल्या म्हणे. तीन महिने घ्या म्हणे."

मला एकदम हलकं वाटलं. काही जातीच्या गाठी गोळ्यांनी विरघळतात, हे मला ठाऊक होतं. रक्ताच्या रिपोर्टात तसं निघालं असेल, मॅडमनी तसं ठरवलं असेल. एक मजला वर जाऊन विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी गेलो नाही. आपल्याला जे ऐकायचं असतं ते ऐकायला मिळालं, की माणूस पुढं चौकशी करत नाही.

पुढचे सात आठवडे ताई फोनवर नवऱ्याचं कौतुक करत होती. यांचा स्वभावच बदलला म्हणे. चिडचिड गेली. छपराची गळकी टिनं बदलली. मयुरी, त्यांची मुलगी, नागपूरला होस्टेलवर जायचं म्हणत होती आणि हे दोन वर्षं नाही म्हणत होते, त्यांनी स्वतः तिला नेऊन सोडलं. सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेला, ताईला घेऊन अल्लीपूरला आमच्या शेतात गेले, आणि आमच्या ज्या चुलत्याशी त्यांची दहा वर्षं बोलचाल नव्हती त्याच्या ओट्यावर बसून चहा पिऊन आले. "अन् नजर?" मी विचारायचो. "तशीच हाये म्हणते. पण खुशीत हायेत," ताई म्हणायची. मी म्हणालो, गोळ्या लागू पडल्या. भाऊबिजेला मी ड्युटी बदलून घेतली आणि सेलूला गेलोच नाही. ताईनं ओवाळायचं ताट फोनसमोर धरलं. का गेलो नाही ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नसतं. भाऊजींच्या डोळ्यांकडं बघायची मला भीती वाटत होती.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास, ताईचा फोन आला. ती नुसती ओरडत होती. भाऊजी जिनिंगवर निघता निघता डोकं धरून खाली बसले, दोन-तीन उलट्या झाल्या, आणि म्हणाले, लाईट गेली का. बाहेर ऊन पडलेलं होतं.

दवाखान्यात आणलं तेव्हा ते शुद्धीवर होते, पण डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हते. मी ताईला विचारलं, "कोणत्या गोळ्या घेत होते? दाखव." तिनं पिशवीतून पाकीट काढून दिलं. जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्या होत्या त्या, कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात तसल्या. तेव्हा मला कळलं, की भाऊजी गुरुवारी मॅडमकडं गेलेच नव्हते.

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. पेशंट समोर आला की मगच मॅडम त्याचे फोटो उघडतात, आणि त्या गुरुवारच्या यादीत त्यांच्या नावापुढं "गैरहजर" असं होतं. सात आठवडे ते तिथंच होतं, माझ्या खोलीपासून एक जिना वर. आता वरातीमागून घोडं नाचवून काय उपयोग.

दुसरा एमआरआय मीच काढला. दुसऱ्या कुणाला काढू दिला असता तर बरं झालं असतं, पण हात लावू दिला नाही. मॅडम माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या. गाठीत रक्तस्राव झाला होता. ती फुगली होती. मॅडमनी जुना फोटो शेजारी लावायला सांगितला. जुन्यात त्या ताणलेल्या नसा दोऱ्यासारख्या का होईना, दिसत होत्या. नव्यात त्या कुठं आहेत ते शोधावं लागत होतं.

"हा पहिला कधीचा?"

"सात आठवड्यांपूर्वीचा, मॅडम."

"हा मला कुणी का दाखवला नाही? हा पाहून मी त्याच आठवड्यात ऑपरेशनला घेतलं असतं. हे बघ." त्यांनी जुन्या फोटोवर बोट ठेवलं. "नाकातून आत जायची वाट सरळ आहे. पातळ हाड आहे. शिवाय गाठ मऊ दिसतेय, चटकन निघाली असती. रक्ताच्या नसेजवळचा एवढा तुकडा मी सोडून दिला असता. नजर आली असती रे ह्या माणसाची."

"ते माझे भाऊजी आहेत, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.  "मला अजून बारीक काप हवेत," म्हणाल्या. "डावीकडची नस नीट दिसू दे. तासाभरात आत घेऊ." मी काप घेतले.  चौदा वर्षांत मी काढलेले ते सगळ्यांत चांगले फोटो असतील, आणि ते काढताना मला माझं तोंड फोडून घ्यावंसं वाटत होतं.

दुपारभर ऑपरेशन चाललं. मी आणि ताई बाहेर बाकावर. माझं कार्ड गळ्यात लटकत होतं आणि त्या दारातून आत जायला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.  ताई म्हणाली, "तू तं म्हणला होता मामुली हाये." तिनं भांडायच्या सुरात म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. ती खरोखर समजून घ्यायला विचारत होती. मी गळ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं.

संध्याकाळी मॅडम बाहेर आल्या. गाठ निघाली होती. नसेजवळचा तुकडा सोडला होता, त्यानं बिघडत नाही, पुढं किरणं देता येतील. जिवाला आता धोका नाही. गाठ साधी होती, कॅन्सर नाही. आणि डोळे? "थांबून बघू," त्या म्हणाल्या. "पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही." आठ दिवस थांबून बघितलं. उजव्या डोळ्याला काहीच नाही. डाव्याला खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं.

आठव्या दिवशी दुपारी ताई औषधं आणायला खाली गेली होती. मी भाऊजींच्या पलंगाजवळ स्टुलावर बसलो होतो. त्यांच्या नाकात अजून बोळा होता, आवाज बसका येत होता.

"हर्षा गेली का?"

"हो. खाली गेली."

"दार लावून घे."

मी दार लोटलं. मला वाटलं, आता हिशेब होणार. मी ठरवलंच होतं, सगळं सांगायचं आणि पाय धरायचे. मी म्हणालो, "भाऊजी, त्या दिवशी मले दिसली होती गाठ. मी खोटं बोललो तुमच्याशी."

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "तवाच समजलं होतं."

"मंग गुरुवारी काऊन नाई आले?"

"येऊन काय करू?" ते शांतपणे म्हणाले. "अरे, बावीस वर्षं तू मायी टिंगल केली. त्या दिवशी तू खाली बसून माह्या पायात चपला घातल्या. नारळपाणी पाजलं. मामुली हाये म्हणला अन् तुह्या डोळ्यांत पाणी होतं. माणसाशी असं कधी वागतात ते मले समजत नाई का? माह्या बापाले पोटात झालं होतं, तवा आम्ही सारे असंच वागलो. काही नाई बाबा, मामुली हाये, म्हणत होतो. तीन महिन्यांत गेला. ज्याचं काही होऊ शकते त्याले आपण शिव्या देऊन दवाखान्यात धाडतो, प्रफुल. ज्याचं सरलं, त्यालेच मामुली सांगतो. मी समजलो, आपलं सरलं. मंग कायले कापाकापी करा? म्हटलं जेवढे दिवस हायेत तेवढ्यात घरचं नीट लावू."

मला ओरडावंसं वाटलं. सरलं नव्हतं. काहीच सरलं नव्हतं. नाकातून निघणारी गाठ होती, महिनाभरानं हा माणूस पुन्हा उजेडाकडं धागा धरून उभा राहिला असता. मी एकदा म्हणायला हवं होतं, "उठा जवाईबुवा, लिंबाएवढी गाठ हाये, गुरुवारी मुकाट्यानं हजर राह्यजा, नाईतर ओढून आणतो." एवढं चिडून बोललो असतो तर त्यांचे डोळे वाचले असते. मी मायेनं बोललो.

"आता खरं सांग," भाऊजी म्हणाले. त्यांनी हात पुढं करून माझा हात शोधला. "मयुरीच्या कॉलेजचं अजून एक वर्ष हाये. तेवढं जमते का? किती दिवस देल्ले डॉक्टरीणबाईनं?"

"भाऊजी, काही झालं नाई तुम्हाले," मी म्हणालो. माझा आवाज फाटला, डोळे वाहायला लागले, ते त्यांना दिसत नव्हते, पण रडणं ऐकू येत होतं. "आईची शप्पथ. गाठ निघाली. साधी होती. तुम्ही बरे झाले भाऊजी. काहीच नाई आता. घाबरू नका."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं, जसं आपण समजूत काढायला थोपटतो तसं.

"बरं," ते म्हणाले. "हर्षाले नको सांगजो."